जे नाही, तेही पाहावे: समकालीन कलाकृती वाचताना

समकालीन कलाकृतीसमोर उभे राहिल्यावर माहितीफलक लगेच वाचू नये. तेथे काय आहे आणि काय असायला हवे होते, पण नाही, हे आधी टिपावे. अमेरिकी कलावंत फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांच्या १९९१ मधील एका कृतीत रंगीत कागदांत गुंडाळलेल्या, खाण्याच्या गोड गोळ्यांचा ढीग असतो. त्याचे कलावंताने ठरवलेले आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. प्रेक्षक गोळ्या उचलतात, ढीग घटत जातो आणि तो पुन्हा भरताही येतो. कलावंताच्या एड्सने गेलेल्या जोडीदाराचे हे व्यक्तिचित्र आहे, हे कळताच हातातली गोळी जड वाटू लागते, आणि माझ्या मते अर्थ घडतो तो नेमका तेथे, प्रेक्षकाच्या मुठीत. म्हणून आपली पहिली प्रतिक्रिया लिहून ठेवावी आणि माहितीफलक वाचल्यावर ती कशी बदलली, हे ताडून पाहावे.

कृती मिथकावर आधारलेली असेल, तर मूळ कथा जाणून घेणे अटळच आहे. भारतीय कलावंत नलिनी मलानी यांच्या कामात ग्रीक पुराणकथेतील कॅसांड्रा येते. तिला भविष्य दिसते, परंतु तिच्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही. अशा वेळी कथा ओळखल्याच्या समाधानावर थांबू नये. जुन्या कथेत गप्प राहिलेल्या कोणाला कलावंताने बोलते केले आहे आणि कोणाला वगळले आहे, हे विचारावे.