मिक्स रिव्ह्यूवालं हॉटेल घ्यायचं की सोडायचं? मी कसं ठरवते ते सांगते

तीन रात्रींची सिटी ट्रिप, तिकिटं काढून झालीयेत, आणि रात्री साडेअकराला लोळत लोळत तुम्ही एकाच हॉटेलचे रिव्ह्यू तिसऱ्यांदा वाचताय. एक जण म्हणतोय अप्रतिम, परत आलो तर इथेच. त्याच्या लगेच खाली दुसरी म्हणतेय फुकट दिलं तरी जाऊ नका. स्कोअर दहापैकी ७.९. आता काय करायचं?

मी आधी सरळ सोडून द्यायचे. ८.५ च्या खाली बघायचंच नाही असा नियमच होता माझा, आणि त्याच नियमाने मला एकदा ८.७ वाल्या हॉटेलात नेऊन बरोब्बर तोंडावर पाडलं. दुसऱ्या मजल्यावर खोली, खाली बार, आणि पहाटे तीनपर्यंत गाण्यांचा असा बेस की बेडशेजारच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरताना दिसत होतं. सकाळी चिडून रिव्ह्यू परत उघडले तर गंमत म्हणजे ८.७ अजिबात खोटा नव्हता, लोकेशनला साडेनऊ, स्टाफला नऊच्या वर, आणि मार्क देणारे बहुतेक सगळे मित्रमैत्रिणींचे ग्रुप. "बार खालीच आहे, मस्त!" असं तिघाचौघांनी लिहिलं होतं आणि मी ते वाचलंही होतं हो, पण प्लस पॉइंट समजून पुढे गेले.

म्हणून आता रिव्ह्यू उघडायच्या आधी मी हे ठरवते की मला काय म्हणजे कायच चालणार नाही. दोन गोष्टी, फार तर तीन. माझ्या दोन ठरलेल्या आहेत, रात्रीचा आवाज आणि कुबट बाथरूम. बाकी नाश्ता जेमतेम असला, रिसेप्शनवाला हसला नाही, टीव्ही छोटा असला, सगळं चालतं. सोबत आईबाबा असले की यादीत लिफ्ट आणि पायऱ्या वर येतात. हे न ठरवता वाचायला बसलं की प्रत्येकाचं दुःख आपलंच वाटायला लागतं, कुणाला उशी टणक लागली, कुणाचं वायफाय गेलं, कुणाला चेकइनला वीस मिनिटं थांबवलं, आणि मग आपण एकेक हॉटेल काटत काटत शेवटी जे उरतं ते बजेटच्या दुप्पट असतं.

आता मेन मुद्दा. रिव्ह्यू मिक्स असले की आपण समजतो हॉटेल "ठीकठाक" आहे, म्हणजे चांगलं आणि वाईट यांची सरासरी. तसं नसतं. बऱ्याचदा ती एकाच बिल्डिंगमधली दोन हॉटेलं असतात. अर्ध्या खोल्या नवीन केलेल्या, अर्ध्या जुन्याच. पुढच्या खोल्या रस्त्यावर, मागच्या आतल्या चौकाकडे. आठवडाभर शांत, शुक्रवार-शनिवारी धिंगाणा. दोन्ही माणसं खरं बोलतायत, फक्त ती वेगवेगळ्या हॉटेलात राहिली. आपलं काम एवढंच की हे दोन तुकडे नेमके कुठे पडलेत ते शोधायचं, आणि मग आपल्याला चांगला तुकडा मिळेल का ते बघायचं.

शोधायचं कसं, तर मागच्या ट्रिपच्या हॉटेलचंच सांगते. ते ७.९ वालं. एका रिव्ह्यूत "बाथरूम लख्ख, शॉवरला प्रेशर छान, झोप शांत." दुसऱ्यात "टाइल्सच्या फटी काळ्या, बाथरूमला ओल, रात्रभर ट्रॅमचा खडखडाट." दोन्ही एकाच महिन्यातले. बुकिंग डॉट कॉमवर रिव्ह्यूच्या बाजूला बारीक अक्षरात खोलीचा प्रकार, किती रात्री, कुठला महिना आणि कोण सोबत होतं हे दिलेलं असतं, आपण तिकडे बघतच नाही. इथे पहिल्याची खोली सुपीरियर, दुसऱ्याची स्टँडर्ड. मग मी पाच ते सहा मार्क दिलेले आठ-दहा रिव्ह्यू त्याच नजरेने पाहिले तर शिव्या घालणारे जवळजवळ सगळे स्टँडर्डवाले. एका बाईंनी तर लिहिलंच होतं की तिसऱ्या मजल्यापर्यंत रिनोव्हेशन झालंय, वर अजून नाही. झालं, कोडं सुटलं. दोन खोल्यांच्या भाड्यातला फरक एका डिनरपेक्षा कमी होता.

वाचायचा क्रमही उलटा ठेवा. दहापैकी दहा आणि दहापैकी एक, दोन्ही शेवटी वाचा, कारण दहावाला हनिमूनच्या धुंदीत असतो आणि एकवाल्याचं बहुतेक रिफंडवरून भांडण झालेलं असतं. खरा माल मधल्यांकडे, सहा ते आठ मार्कवाले, ते "पण" लावून लिहितात आणि त्या "पण"च्या पुढेच सगळं असतं. सॉर्टिंग नवीन आधी असं करा, गेल्या सहा महिन्यांतले बघा, आणि शक्यतो तुम्ही जाणार त्या सीझनचेही, उन्हाळ्यात एसी चालतो की नाही हे थंडीतल्या पाहुण्याला कसं कळणार. मालक बदलला, मॅनेजमेंट बदललं की दोन वर्षांपूर्वीचं कौतुक काही कामाचं नसतं. मग आपले दोन शब्द सर्च करा, ट्रिपॲडव्हायझर आणि गूगल मॅप्सवर रिव्ह्यूच्या आत शोधता येतं. आवाज, भिंती, वास, ओल, लिफ्ट, पायऱ्या. भाषांतराचं बटण दाबून दुसऱ्या भाषांतलेही वाचा, त्याच देशातले लोक हॉटेलला जास्त कडक मार्क देतात असा माझा अनुभव, बाहेरचा पाहुणा शहरावर खूश होऊन हॉटेललाही मार्क वाटून टाकतो.

खोटे रिव्ह्यू कसे ओळखायचे हे मला सगळे विचारतात. खरं सांगायचं तर नुसतं वाचून ओळखता येत नाहीत. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी शिकागोतल्या हॉटेलांचे ४०० खरे आणि ४०० मुद्दाम लिहून घेतलेले खोटे रिव्ह्यू घेतले होते, माणसांना त्यातले ओळखायला दिले तर निकाल जवळजवळ छापा-काट्यासारखा, आणि कॉम्प्युटरने मात्र ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखले. त्यातून जे कळलं ते मी रोज वापरते. खोटं लिहिणारा कोणासोबत गेलो, कशासाठी गेलो यावर जास्त बोलतो, सुट्टी, बिझनेस ट्रिप, नवरा असे शब्द, आणि खरा राहून आलेला बाथरूम, मजला, खोलीचा लहानमोठेपणा असं जागेचं सांगतो. साहजिक आहे, जिथे गेलोच नाही तिथल्या बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर हे कुठून सुचणार. (माझ्या रिव्ह्यूत नवरा हमखास येतो, म्हणजे माझेही खोट्यात जमा होणार.) तर नियम सोपा, विशेषणं सोडा आणि वस्तू शोधा. "उत्कृष्ट अनुभव" याला शून्य किंमत. "लिफ्ट चौथ्यापर्यंतच, पाचव्याला बॅग उचलून न्या" हे सोनं.

रिव्ह्यू कोण टाकू शकतं तेही बघा. बुकिंग डॉट कॉम आणि एक्सपीडिया या हॉटेल बुक करायच्या साइट, त्यांवर तिथून बुक केलेल्यालाच लिहिता येतं, ट्रिपॲडव्हायझर आणि गूगलवर बुकिंगचा पुरावा लागत नाही. २०१४ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासाने एक्सपीडिया आणि ट्रिपॲडव्हायझर शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा असं निघालं की ज्या हॉटेलच्या शेजारी छोट्या मालकाचं स्वतंत्र हॉटेल आहे त्याला ट्रिपॲडव्हायझरवर वाईट रिव्ह्यू तुलनेने जास्त. शेजारीपाजारी, दुसरं काय! म्हणून दोन साइट तरी ताडून बघा, एकीकडे छान आणि दुसरीकडे बोंब असेल तर जिथे राहिल्याशिवाय लिहिता येत नाही तिचं जास्त ऐका. आणि हॉटेलच्या नावापुढचे स्टार वेगळे हं, ते सोयींचे असतात, लिफ्ट आहे का, रिसेप्शन किती तास उघडं, असले. चार स्टारमध्येही चादरीवर केस सापडू शकतो.

फोटोंचं थोडक्यात. हॉटेलचे फोटो वाइड अँगलने काढलेले असतात, त्यात खोली मैदान दिसते. त्यापेक्षा खोलीचे चौरस मीटर बघा, १२ चौरस मीटरमध्ये दोघं आणि दोन मोठ्या बॅगा म्हणजे एकाने उठायचं तर दुसऱ्याने बेडवर चढायचं. पाहुण्यांच्या फोटोत मी बेड बघतच नाही, टाइल्सच्या फटी, बाथरूमच्या छताचा कोपरा आणि खिडकीबाहेर काय आहे ते झूम करून बघते. खिडकीचा एकही फोटो कुणीच टाकलेला नसेल तर खिडकी आहे का ते विचारा, विनोद नाही करत, बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकतात.

लोकेशनच्या मार्कांवर मी आता डोळे झाकून जात नाही, ९.५ म्हणजे सगळं पायाखाली आणि बऱ्याचदा सगळा गोंगाटही पायाखाली. मॅपवर स्ट्रीट व्ह्यू उघडून हॉटेलच्या दारात उभं राहा, तळमजल्यावर काय आहे, समोर काय आहे, बसस्टॉप किती लांब, मधे चढ आहे का. "सेंटरपासून ८०० मीटर" हे पुष्कळदा सरळ रेषेतलं अंतर असतं, मधे नदी किंवा रेल्वेलाइन असली की तेच दोन किलोमीटर होतं. चालायला किती मिनिटं लागतात ते मॅपलाच विचारायचं.

हॉटेलवाल्यांनी दिलेली उत्तरंही वाचा, पाच मिनिटांत माणसं कळतात. प्रत्येक तक्रारीखाली "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" चिकटवलेलं असेल तर काही बदलणार नाही. "त्या खोलीचा एसी मार्चमध्ये बदलला" असं असेल तर तिथे कोणीतरी लक्ष देणारं आहे. पाहुण्याशीच भांडत बसले असतील तर मी पुढे जातच नाही, उद्या माझ्याशीही भांडतील.

एवढं करून मन होत असेल तर फ्री कॅन्सलेशनवालं बुक करा, शेवटची तारीख त्या शहराच्या वेळेने किती वाजता संपते ते बघून फोनवर अलार्म लावा, आणि टॅक्स वगैरे धरून तिथे पोचल्यावर अजून किती भरायचंय तेही तेव्हाच वाचून घ्या. मग हॉटेलला एक छोटा मेसेज. मी असा टाकला होता, "आम्ही दोघं, तीन रात्री. झोप फार हलकी आहे. रिनोव्हेट केलेली, रस्त्याच्या मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांबची खोली मिळू शकेल का? सुपीरियरच्या सगळ्या खोल्या रिनोव्हेट झाल्यात का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, त्याला हो किंवा नाही असंच उत्तर येतं आणि नाही आलं तर तेही उत्तरच समजायचं. मग जायच्या दोनतीन दिवस आधी परत एक आठवण, कारण कोणाला कुठली खोली हे बऱ्याच ठिकाणी शेवटच्या एकदोन दिवसांत ठरतं.

पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी दोन मिनिटं काढा. बॅग बाथरूममध्ये ठेवा, चादरीचा कोपरा उचलून मोबाइलच्या टॉर्चने गादीची शिवण बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण, सरळ खाली जा. गरम पाणी सोडा, फ्लश करा, एसी लावा, खिडकी बंद करून गप्प उभं राहून ऐका. खोली बदलून मागायची वेळ हीच. एकदा कपडे कपाटात गेले की आपल्यालाच कंटाळा येतो आणि रात्री अकराला बदलायला खोली उरलेली नसते.

मला तिसऱ्या मजल्यावरची मागची मिळाली, चौकात एक मोठं झाड, ट्रॅम ऐकूच आली नाही. आल्यावर मी आठ मार्क दिले आणि लिहिलं, "सुपीरियर, तिसरा मजला, मागची बाजू, शांत. बाथरूमला खिडकी नाही पण पंखा चालतो. चौथ्यावर देत असतील तर घेऊ नका." नवऱ्याचा उल्लेख टाळला.