हाताने रंगवलेला जुना जपानी फोटो हाती आला, तर

कागदी छत्री धरलेली किमोनोतली बाई, गुलाबी गाल, मागे रंगवलेला पडदा. असा फोटो लिलावात दिसला की विकणारा दोन गोष्टी हमखास सांगतो: "शंभर वर्षांपूर्वीचा आहे" आणि "ही गेइशा (गाणं-नाच करून पाहुण्यांचं मनोरंजन करणारी व्यावसायिक कलावंत) आहे". पहिली तपासता येते. दुसरीवर लगेच विश्वास ठेवू नका.

तयारी फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिडकीजवळचं टेबल (थेट ऊन नको) आणि कोरडे, स्वच्छ हात.

१. आधी कागद बघा. 1860 ते 1890 च्या दशकांतले योकोहामा या जपानी बंदरातले फोटो बहुतेक अल्ब्युमेन कागदावरचे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर, त्यावर चांदीचा क्षार आणि मग उन्हात छपाई. हा कागद इतका पातळ की गुंडाळतो, म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. भिंगातून कागदाचे धागे आणि चकाकीवर बारीक तडे दिसतील, पांढरे भाग पिवळट झालेले असतील. एकसारख्या ओळींत ठिपके दिसले, तर तो छापखान्यातला माल. ठिपक्यांऐवजी सुरकुतल्यासारखे वेडेवाकडे कण दिसले, तर कोलोटाइप. तोही शाईनेच छापतात, पण त्यावरही हाताने रंग देत, तेव्हा लगेच नाक मुरडू नका.

२. आता रंग. इथे घाई करू नका. भिंग ओठांवर न्या, मग किमोनोच्या काठावर. पाण्यात कालवलेला पातळ रंग फोटोवर बसलेला दिसतो आणि खालच्या छटा त्यातून डोकावतात. फुलाची एखादी पाकळी रेषेबाहेर गेलेली असते, ब्रश उचलला तिथे रंग किंचित गडद होतो. आपल्याकडच्या संस्थानी फोटोंत जाड रंगाखाली मूळ फोटो जवळजवळ गाडलेला असतो. योकोहामाच्या कारागिरांनी तो दिसू दिला. योकोहामातला छायाचित्रकार आडोल्फो फारसारी, त्याच्या स्टुडिओत एक कारागीर दिवसाला जेमतेम दोन-तीन फोटो रंगवायचा, हे कळल्यावर ती पाकळी वेगळीच दिसू लागते.

रंगाला पुरावा मात्र मानू नका. निगेटिव्ह काळीपांढरी; त्याच निगेटिव्हच्या एका प्रतीत किमोनो निळा, तर दुसऱ्या प्रतीत जांभळा असू शकतो.

३. कोपऱ्यातला क्रमांक वाचा. खाली पांढऱ्या अक्षरांत आकडा आणि इंग्रजी मथळा असतो. निगेटिव्हवर गडद शाईने लिहिलं की छापात ते पांढरं उमटतं. आकड्यावरून स्टुडिओ ओळखायला मदत होते, पण निगेटिव्ह हात बदलत. 1857 च्या उठावानंतरचं लखनौ टिपणारा छायाचित्रकार फेलिचे बेआतो 1863 मध्ये योकोहामाला गेला. त्याचा साठा 1877 मध्ये तिथलाच दुसरा छायाचित्रकार बॅरन फॉन स्टिलफ्रीड याच्याकडे आला. बेआतोकडे रंगकाम केलेला कुसाकाबे किम्बेई पुढे स्वतःचा स्टुडिओ थाटून बसला. म्हणून फक्त आकड्यावरून छायाचित्रकाराचं नाव ठोकून देऊ नका.

४. चेहरा ओळखा. परदेशी प्रवाशांना विकण्यासाठी मॉडेल बसवून असे प्रसंग मांडले जात. एकच बाई एका फोटोत वाद्य वाजवताना, दुसऱ्यात चहा ओतताना सापडते. म्हणून "ही गेइशा आहे" यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. खाजगीत काढून घेतलेलं व्यक्तिचित्र वेगळं: ते बरेचदा काचेवरचं, लाकडी डबीत असतं आणि कधी डबीवर शाईने लिहिलेला मजकूर असतो.

५. जपणूक. ओल्या फडक्याने पुसू नका, रंग पाण्यातच विरघळतो. पुठ्ठ्यावरून सोलू नका; अल्बमच्या पानाच्या मागच्या बाजूलाही फोटो असू शकतो. लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक, काहीही नको. आम्लमुक्त कागदात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. भिंतीवर लावायचीच हौस असेल, तर एकदा स्कॅन करून त्याची प्रत फ्रेममध्ये घाला, मूळ फोटो कपाटातच राहू द्या.