हीट पंपात नवीन असाल तर गेज नंतर, आधी पाणी

हीट पंपाच्या कामात येणारे बरेच जण एसीच्या कामावरून आलेले असतात. तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. ब्रेझिंग, नायट्रोजन टेस्ट, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद केल्यावर आकडा किती वर येतो ते बघणं, हे इथे शिकवत बसत नाही. येत नसेल तर आधी ते शिका, मग हे वाचा.

मला बोलायचंय ते पाण्याबद्दल. एसीवाल्याला सवय अशी, की युनिट बिघडलं म्हटलं की हात आपसूक गेजकडे, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरकडे जातो. हवेतून उष्णता घेऊन पाण्याला देणाऱ्या हीट पंपात हीच सवय घात करते. माझा हात आजही आधी तिकडेच वळतो, त्याला ओढून स्ट्रेनरकडे, म्हणजे पाण्याच्या पाइपातल्या गाळणीकडे न्यावं लागतं.

होतं काय, तर नवं युनिट सुरू होतं, थोडा वेळ छान चालतं आणि हाय प्रेशरवर ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. रीसेट केलं की पुन्हा तेच. गेज लावलं तर प्रेशर खरोखरच चढलेलं दिसतं. मग कुणीतरी जाणकार म्हणतो, "गॅस जास्त झालाय, थोडा सोड." सोडला की प्रेशर उतरतं, युनिट चालतं, सगळे खूश. मग थंडी पडते. पाणी तापत नाही, बाहेरच्या कॉइलवर बर्फ चढतो, आता लो प्रेशरवर ट्रिप. दुसरा माणूस येऊन गॅस भरतो. हे चक्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की मोजणं सोडून दिलं.

आता यातलं खरं दुखणं बघा. हीटिंगमध्ये कंडेन्सर, म्हणजे गॅस उष्णता सोडून द्रव होतो ती जागा, हा पाण्याच्या बाजूचा प्लेट हीट एक्सचेंजर असतो. गॅसची उष्णता उचलून न्यायचं काम पाण्याचं. पाणी कमी वाहिलं तर उष्णता तिथेच साचते, कंडेन्सिंग तापमान वाढतं आणि त्याच्यासोबत प्रेशर. आर-४१०ए हा गॅस ४० अंशांना गेजवर साधारण २३ बार दाखवतो, तोच ६० अंशांना ३७ च्या आसपास जातो. गॅस एक ग्रॅमही जास्त नसताना. गेज खोटं बोलत नाही, पण प्रेशर का चढलं हे ते सांगत नाही.

म्हणून आधी दोन थर्मामीटर काढा. एक जाणाऱ्या पाण्याच्या पाइपला, एक येणाऱ्या, दोन्ही नीट चिकटवून वरून इन्सुलेशन. दोन्हींतला फरक हाच तुमचा पहिला गेज. हिशोब सोपा आहे: उष्णतेच्या किलोवॅटला ४.१९ ने भागा, मग त्या फरकाने भागा, उत्तर लिटर प्रति सेकंदात येतं. १० किलोवॅटचं युनिट ५ अंशांच्या फरकावर चालवायचं असेल तर मिनिटाला सुमारे २९ लिटर पाणी हवं. फरक १२ अंश दिसतोय आणि युनिट पूर्ण उष्णता देतंय, म्हणजे पाणी मिनिटाला १२ लिटरच. निम्म्याहून कमी! तिथे गॅसला हात लावायचं कारणच नाही. उलट पाणी भरपूर वाहतंय, कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर आहे आणि फरक एक-दीड अंशच आहे, तर उष्णताच तयार होत नाहीये. तेव्हा खुशाल गेज लावा. (एकाच फेरीत पाणी तापवणाऱ्या युनिटांना हा फरक मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे कंपनीचा आकडा आधी वाचा.)

पाणी अडतं कुठे? बहुतेक वेळा स्ट्रेनरमध्ये. नव्या पाइपिंगमधून वेल्डिंगची खपली, टेफ्लॉन टेप, वाळू, काय काय निघतं ते पाहून थक्क व्हाल. फ्लशिंगनंतर स्ट्रेनर उघडा, दुसऱ्या दिवशी उघडा, आठवड्याने पुन्हा उघडा. "फ्लशिंग प्लंबरने केलंय" या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही, प्लंबर कितीही भला असो. दुसरी गोष्ट हवा. सगळ्यात उंच जागी एअर व्हेंट नसेल, किंवा असून त्याची टोपी घट्ट बसवलेली असेल, तर पाइपात हवा अडकते आणि पंप खडे दळल्यासारखा आवाज करतो. तिसरी गोष्ट, जी लवकर लक्षात येत नाही: थ्री-फेज पंप उलटा फिरणं. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरंच कमी. पंप चालू, पाइप गरम, फ्लो स्विचही लागलेला. सगळं ठीक वाटतं आणि युनिट ट्रिप होत राहतं. पंपावरचा बाण आणि त्याच्या मोटरच्या फॅनची दिशा डोळ्यांनी बघा.

फ्लो स्विच "पाणी वाहतंय" एवढंच सांगतो, "पुरेसं वाहतंय" असं सांगत नाही. आणि तो त्रास देतो म्हणून वायरचा तुकडा टाकून बायपास करणारे महाभाग आहेत. हे कधीही करू नका. कुणीही सांगितलं तरी नाही. डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे युनिट बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवतं तेव्हा, गॅसची वाट उलटवणारा फोर-वे वाल्व्ह फिरतो, बाहेरची कॉइल कंडेन्सर होते आणि प्लेट एक्सचेंजर इव्हॅपोरेटर. म्हणजे बर्फ वितळवायला लागणारी उष्णता तुमच्या पाण्यातून काढली जाते. तेव्हा पाणी कमी असेल तर ते प्लेटांच्या फटीत गोठतं, प्लेट तडकते आणि पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं. कॉम्प्रेसर, वाल्व्ह, कॉइल, सगळं ओलं. त्यानंतर ते युनिट वाचवणं क्वचितच परवडतं. आणि तुम्ही उन्हाळ्यात सुरुवात करून दिली असेल तर हे काही महिन्यांनी घडतं, तेव्हा बायपास कोणी केला हे कुणालाच आठवत नसतं.

एवढं वाचून घाबरला असाल, तर घाबरू नका. पाणी बरोबर असेल तर उरलेली सुरुवात बरीच सरळ आहे. क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा) असलेल्या युनिटला आदल्या दिवशीच वीज द्या, १२ ते २४ तास. नाहीतर तेलात विरघळलेला गॅस सुरू होताच उकळतो, फेसासोबत तेल निघून जातं आणि बेअरिंग कोरडं पडतं. स्क्रोल कॉम्प्रेसर चमत्कारिक आवाज करतोय आणि दोन्ही प्रेशर हलत नाहीत, तर लगेच बंद करा: फेज उलटे आहेत. फोर-वे वाल्व्ह फिरताना फुस्स आवाज होतो, तो बिघाड नाही. पहिल्यांदा सगळेच दचकतात.

वस्तादांबद्दल थोडं. पाइपाला हात लावून "ठीक आहे" म्हणणारे वस्ताद मी पाहिलेत, आणि त्यांचा हात खरंच बरोबर सांगतो. पण तो हात त्यांचा आहे, तुमचा नाही. जो वस्ताद तुम्हाला आकडे लिहू देतो आणि "का" विचारल्यावर चिडत नाही, त्याच्यामागे बॅग उचलत फिरायला लागलं तरी फिरा. जो "आधी थोडा गॅस टाकून बघू" म्हणतो, त्याच्याकडून ब्रेझिंग शिका आणि पुढे निघा. गॅस वजन करूनच भरायचा, नेमप्लेटवर लिहिलेला तेवढा. मोनोब्लॉकला, म्हणजे गॅसचं सगळं सर्किट एकाच डब्यात असलेल्या युनिटला, तर कारण नसताना गेज लावूही नका. आत गॅस मोजका असतो आणि प्रत्येक वेळी होज काढताना थोडा जातोच.

सर्व्हिसमध्ये मी एक आकडा कधी सोडत नाही: कंडेन्सिंग तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक. सुरुवातीच्या दिवशी तो लिहून ठेवा, सोबत बाहेरची हवा, पाण्याची दोन तापमानं आणि अँपिअर. पुढच्या वर्षी तशाच परिस्थितीत, तेवढ्याच फ्लोला फरक वाढलेला दिसला तर प्लेटांवर क्षार बसलाय, सायट्रिक अ‍ॅसिडने धुवायची वेळ आली. पहिल्या दिवसाची नोंद नसेल तर हे कळायला मार्गच नाही. बाकी कॉइल धुताना जेट मारून पाती वाकवू नका, टर्मिनल आवळा, आणि इन्व्हर्टर युनिटची वीज बंद केल्यावर लगेच हात घालू नका. कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं, मीटरने शून्य बघा.

काही युनिटांत गॅस आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. ट्रेनिंगशिवाय त्याचं सर्किट उघडू नका. तो हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली खड्ड्यात साचतो. यात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही.

निघताना ग्राहकाला दोन गोष्टी सांगा. सेटिंग गरजेपेक्षा वर नेलं तर प्रत्येक अंशामागे वीज साधारण दोन-अडीच टक्के जास्त जाते. आणि थंड, दमट पहाटे युनिट मध्येच पंखा थांबवून वाफ सोडेल, खाली पाणी सांडेल, तो डीफ्रॉस्ट आहे. हे आधी सांगितलं नाही तर "युनिट पेटलं" म्हणून तुम्हाला पहाटे फोन येईल.