व्हॉल्व्ह अँपसाठी स्वस्त आणि टिकाऊ पॉवर व्हॉल्व्ह

नवा पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकर चालवणारी काचेची व्हॅक्यूम ट्यूब) दोन महिन्यांत गेला की ब्रँडला शिव्या पडतात. खरा चोर बऱ्याचदा अँपच्या पोटातच असतो: गळका कपलिंग कपॅसिटर, म्हणजे आधीच्या टप्प्याचं डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा कपॅसिटर. म्हणून ऑर्डर देण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

पॉवर व्हॉल्व्ह काढा, स्पीकर जोडलेलाच ठेवा, मीटरची काळी क्लिप चॅसिसला लावा. अँप चालू करून ड्रायव्हर (पॉवर व्हॉल्व्हच्या आधीचा छोटा व्हॉल्व्ह) तापायला अर्धा मिनिट द्या आणि रिकाम्या सॉकेटच्या ग्रिडच्या (सिग्नल येतो त्या) पिनवर डीसी मोजा: ईएल३४ ची पिन ५, ईएल८४ ची पिन २. कॅथोड बायसच्या अँपमध्ये (व्हॉल्व्हचा स्थिर करंट, म्हणजे बायस, कॅथोडचा रेझिस्टर ठरवतो) तिथे शून्य हवं. एखादा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह आला तरी कपॅसिटर बदला, नाहीतर तो नवा व्हॉल्व्हही तापवून मारेल. फिक्स्ड बायसमध्ये (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज दिलेलं असतं) निगेटिव्ह व्होल्टेज दिसेल. बायसचा पॉट (फिरवून व्होल्टेज बदलायचा रेझिस्टर) एकच असेल तर जोडीच्या दोन्ही सॉकेटवर ते सारखं हवं. व्हॉल्व्ह काढलेले असताना सप्लायचं व्होल्टेज वर चढतं, म्हणून मोजून लगेच बंद करा. आत ४०० व्होल्टच्याही वर डीसी असू शकतं आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये उरतं. एक हात खिशात ठेवूनच काम करा.

आता खरेदी. डब्यावरच्या मुलार्ड किंवा टंग-सोल या नावाला भुलू नका. आजचा हा माल मूळ कारखान्यांचा नाही, तो रशियातल्या सारातोव्हला बनतो, जिथे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचेही व्हॉल्व्ह बनतात. स्लोव्हाकियाचा जेजे साध्या बजेटला चांगला. नावाचे जादा पैसे वाचवून ते मॅच्ड जोडीवर (सारखा करंट घेणारे, मोजून निवडलेले दोन व्हॉल्व्ह) घाला. पुश-पुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने सिग्नल ढकलतात-ओढतात) दोन व्हॉल्व्हचा करंट वेगळा असला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसीचा तोल जातो, गुणगुण येते आणि बेस पातळ होतो.

नंबर मात्र तोच घ्या. ६एल६ च्या जागी ईएल३४ बसतो, म्हणून चालेलच असं नाही. ६एल६जीसी चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५; चार व्हॉल्व्हला २.४ अँपिअर जास्त, तो भार ट्रान्सफॉर्मरवर. शिवाय ईएल३४ ची पिन १ पिन ८ ला जोडलेली लागते.

फिक्स्ड बायस लावताना प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोड आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला (नागपुरात बर्डीवर सहज मिळतो). त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. ईएल३४ ची प्लेट मर्यादा २५ वॉट. तिच्या ७० टक्के, म्हणजे १७.५ वॉट, भागिले प्लेटचे, समजा, ४३० व्होल्ट: साधारण ४० मिलिअँपिअर. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीनचाही (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचाही) वाटा असतो, म्हणून ४० वरच थांबा. प्लेट त्याहून थोडी खालीच राहते. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. अंधारात प्लेट लालसर दिसली तर ताबडतोब बंद करा.

रात्री लाइन २५० व्होल्टवर चढत असेल तर बायस तेव्हाच लावा. हीटरचं एसीही मोजा, ईएल३४ च्या पिन २ आणि ७ वर (ईएल८४ च्या ४ आणि ५ वर). ६.३ व्होल्टच्या हीटरला ६.९ ही शेवटची हद्द. २३० च्या ट्रान्सफॉर्मरवर २५० आले तर ६.८५ होतात, कशीबशी हद्दीत. चीनहून आलेल्या २२० च्या ट्रान्सफॉर्मरवर तेच ७.१६ होतात, आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने घटतं. अशा अँपला स्टॅबिलायझर लावाच.

मे महिन्यात ४५ अंशांत अँपच्या वर किमान फूटभर मोकळी जागा ठेवा. कूलरच्या झोतात मात्र नको: पॅडवरून उडालेला थेंब तापलेल्या काचेवर पडला की काच तडकते.

पार्सल आलं की आधी काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय. सॉकेटमध्ये न घालता परत पाठवा.