संगमरवराचं अंडं घरी कसं करायचं (आणि अंडंच का)

सातारा-सांगली भागात दगडाला तोटा नाही, नदीत काळे गोटे आहेत, शेतात गारगोट्या सापडतात, पण पहिलं अंडं करायला यातलं काही घेऊ नका. काळा बेसॉल्ट हातानं घासायला फार कडक आणि गारगोटी त्याहून कडक. संगमरवर घ्या, तो दगडाचा कडकपणा सांगणाऱ्या मोह्सच्या १ ते १० च्या मापात ३ च्या आसपास येतो त्यामुळं साध्या कानशीनं घासला जातो. ओट्याचं काम करणाऱ्यांकडं तुकडे फुकट मिळतात पण ती लादी जेमतेम १८-२० मिलिमीटर जाड असते, तिच्यात अंडं बसत नाही. त्यापेक्षा मूर्ती किंवा देवघरं करणाऱ्यांकडं जा, ६.५ × ५ × ५ सेंटिमीटरचा ठोकळा मागा आणि त्यांच्याच कटरवर कापून घ्या.

तुकडा निवडताना करड्या शिरा असलेला घ्या, पांढराशुभ्र नको. छांदोग्य उपनिषदात सृष्टीच्या अंड्याची गोष्ट आहे, ते वर्षभर पडून राहतं आणि मग फुटतं, चांदीच्या अर्ध्याची पृथ्वी होते, सोन्याच्या अर्ध्याचं आकाश, जाड आवरणाचे डोंगर आणि त्यातल्या शिरांच्या नद्या, आणि शेवटी त्यातून सूर्य जन्मतो. म्हणून मी शिरा नेहमी लांबीच्या दिशेनं ठेवते, अंड्यावरून नदी उतरल्यासारखी दिसते.

आता फर्मा, म्हणजे आकार तपासायचा पुठ्ठ्याचा साचा. हे काम घाईनं करू नका, सगळं अंडं इथंच ठरतं. जाड पुठ्ठ्याला अर्ध्या अंड्याएवढी खाच पाडायची, खऱ्या कोंबडीच्या अंड्याला आडवी लावून बघत बघत कात्रीनं थोडी थोडी वाढवायची. ६ सेंटिमीटर लांब अंड्याचा सगळ्यात फुगीर भाग मधोमध नसतो, बोथट टोकापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर असतो. हे चुकलं की नुसता लंबगोल गोटा होतो, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण यातून काही जन्माला येईल असं वाटत नाही.

मग ठोकळ्याच्या चार लांब कडा कानशीनं मारा म्हणजे आठ बाजू होतील, परत त्यांच्या कडा मारा म्हणजे सोळा, आणि मग टोकं उतरवा, आधी बोथट मग निमुळतं. दर थोड्या वेळानं अंडं फिरवत फर्मा लावायचा, फट दिसेल तिथं हात लावू नका, जिथं टेकतंय तिथंच घासा. शेवटी डोळे मिटून तळहातात फिरवा, डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला लगेच कळतो. घासताना पाणी सोडत राहा आणि मास्क लावा, पुढं कधी ग्रॅनाइट किंवा गारगोटी घेतलीत तर कोरडं अजिबात घासू नका, ती धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही.

पॉलिशला हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश कागद), ८०, १५०, २२०, ४००, ६००, १०००, याच क्रमानं, मधला नंबर गाळायचा नाही. नंबर बदलताना अंडं, हात आणि पाण्याचं पातेलं धुवा, जुना एक कण राहिला तरी ओरखडा येतो. वाळवून ट्यूबलाइटखाली धरा, ओरखडा दिसला तर एक नंबर मागं जा. शेवटी पांढरं मेण लावून सुती कापडानं चोळा. खोबरेल तेल लावू नका, संगमरवर पिवळा पडतो.

अंड्याचं हे वेड काही बाहेरून आलेलं नाही, चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरीव तुकडे सापडलेत, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचे. आणि कराडजवळ आगाशिवच्या लेण्यांत गेलात तर स्तूपाकडं नीट बघा, वरच्या त्या गोल भागाला अंडच म्हणतात. पारशी-इराणी घरांत नवरोजच्या मांडणीत रंगवलेली अंडी असतात, पूर्वेकडच्या ख्रिश्चन देशांत ईस्टरला लाल रंगाची. नवीन घर, बारसं, नवीन दुकान, अशा वेळी हे संगमरवरी अंडं भेट द्यायला मला फार आवडतं.

ठेवायला लहान बाळाची बांगडी पुरते, निमुळतं टोक वर. कोंबड्या पाळत असाल तर एक खुराड्यातही ठेवा, एक अंडं दिसलं की कोंबडी तिथंच अंडी घालायला बघते आणि अंडी फोडून खाणारीची खोड मोडायलाही उपयोग होतो. पुसायला फक्त ओलं फडकं, लिंबू, चिंच, व्हिनेगर लांब ठेवा, आंबट लागलं की संगमरवर विरघळतो आणि सगळी चमक जाते.