प्रवाशांची ओपीडी सुरू करण्याआधी

लसी टोचता येतात एवढ्यावर ही ओपीडी चालत नाही. आधी नीट विचारता आलं पाहिजे: कुठे, किती दिवस, कोणत्या ऋतूत, मुक्काम हॉटेलात की खेड्यात, गरोदरपण आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या. परदेशात स्थायिक झालेला माणूस मायदेशी नातेवाइकांकडे निघतो तेव्हा सल्ला घ्यायला सहसा येतच नाही. मलेरिया, टायफॉइडचा धोका मात्र त्यालाच जास्त, कारण लहानपणी मिळालेली मलेरियाविरुद्धची ताकद बाहेर राहून ओसरलेली असते. त्याच्यापर्यंत कसं पोचायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

यलो फीवरचे नियम तोंडपाठ हवेत. लसीच्या पहिल्या डोसनंतर तिचं प्रमाणपत्र (काही देशांत प्रवेशासाठी लागणारं) 10 दिवसांनी लागू होतं आणि जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना, थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या आजारात किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास ती सरसकट देऊ नका. साठीपुढच्या माणसाला पहिला डोस देण्याआधी धोका तोलून बघा. कोणता देश प्रमाणपत्र मागतो, हे दर वेळी ताज्या यादीत पाहायचं, आठवणीवर सांगायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मलेरियाच्या गोळ्यांना द्या. मेफ्लोक्विन निघण्याच्या दोनेक आठवडे आधी सुरू करतात, म्हणून परवा विमान असलेल्याला ती सोयीची नाही. नैराश्य किंवा फिट्सचा त्रास झालेला असेल तर नकोच. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, अटोवाक्वोन-प्रोग्वानिल सातच दिवस. हा फरक का, ते रुग्णाला सांगता आलं पाहिजे. डॉक्सिसायक्लिनचा भरवसा परजीवी यकृतातून रक्तात उतरल्यावरच्या टप्प्यावर असतो, तर दुसरं औषध यकृतातही काम करतं. कारण कळलं की घरी पोचल्यावर गोळ्या सोडून देणारे कमी होतात.

कुत्रा किंवा माकड चावल्यास साबण-पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे प्रत्येकाला सांगा. रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. आधी लस घेतलेल्याला त्याची गरज पडत नाही. उंचावर जाणाऱ्यांना 3000 मीटरनंतर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका म्हणावं. चालताना तोल जायला लागला तर वाट न बघता खाली उतरायचं. जुलाबांसाठी ओआरएस. रस्त्यावरचे अपघात पुष्कळ प्रवाशांचा जीव घेतात, तेव्हा हेल्मेट आणि सीटबेल्टबद्दल बोलायला संकोच नको.

आणि परत आलेल्याचा ताप. मलेरियाच्या भागातून आलेल्याला ताप असेल तर रक्ततपासणी त्याच दिवशी. पहिली निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, 12 ते 24 तासांनी पुन्हा करा. व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार कित्येक महिन्यांनी उलटतो, म्हणून केसपेपरवर ‘गेल्या वर्षभरातला प्रवास’ हा रकाना आत्ताच छापून घ्या.