किल्टसोबत स्पोरन कसा निवडावा

एडिंबरा किंवा ग्लासगोत शिकायला, नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना कधी ना कधी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घालायची वेळ येते. स्कॉटिश मित्राचं लग्न असतं, पदवीदान असतं, नाहीतर कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ होणारी २५ जानेवारीची बर्न्स नाइट. टार्टन, म्हणजे किल्टचं चौकड्यांचं कापड, कोणतं घ्यायचं यावर घरी-दारी चर्चा होते, आणि स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे बांधायची पिशवी, मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. हे मला फार खटकतं. किल्टची पुढची बाजू सपाट असते, तिला चुण्या नसतात, आणि स्पोरन नेमका तिच्या मध्यावर लटकतो. समोरच्याची नजर आधी तिथेच जाते.

किल्टला खिसे नसतात, म्हणून ही पिशवी. आपल्याकडे जुनी माणसं कमरेला चंची बाळगत, तसाच तिचा जन्मही गरजेतून झाला. सुरुवातीचे स्पोरन हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याचे, वादीने तोंड आवळायचे असे साधेच होते. चांदीची कलाकुसर, लांब केस आणि दिमाख बऱ्याच नंतर आला.

आधी प्रसंग आणि जाकीट ठरवा

स्पोरन टार्टनवरून निवडत नाहीत, जाकिटावरून निवडतात. ट्वीडचं (जाड लोकरी कापडाचं) जाकीट, स्वेटर किंवा नुसता शर्ट असेल तर पूर्ण चामड्याचा ‘डे’ स्पोरन घ्या. त्याच्या झडपेवर ठशाची नक्षी असते, पुढे चामड्याचे छोटे गोंडे असतात. संध्याकाळच्या औपचारिक समारंभाला बो टाय आणि प्रिन्स चार्ली, म्हणजे आखूड औपचारिक जाकीट, घालणार असाल तर ‘ड्रेस’ स्पोरन: पुढून पूर्ण फर, वर धातूची कोरीव कमान आणि साखळीचे गोंडे. या दोन्हींच्या मधला तो ‘सेमी-ड्रेस’. त्याचा पुढचा भाग फरचा आणि झडप चामड्याची असते. दुपारचं लग्न आणि रात्रीचं जेवण एकाच पोशाखात उरकायचं असेल तर हा सगळ्यात सोयीचा.

एकच विकत घ्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चांगल्या चामड्याचा काळा डे स्पोरन घ्या. समारंभात तो थोडा साधा वाटेल, पण विजोड दिसणार नाही. ट्वीडवर चकचकीत फरचा ड्रेस स्पोरन मात्र डोळ्यांना खुपतो.

घोड्याच्या लांब केसांचा, जवळजवळ गुडघ्यापर्यंत रुळणारा स्पोरन फोटोत फार देखणा दिसतो. तो लष्करी पलटणींचा आणि पाइप बँडचा. पाहुणा म्हणून जाताना तो नको.

रंग आणि धातू

चामड्याचा रंग बूट आणि कमरपट्ट्याशी जुळवा; काळ्याबरोबर काळा, तपकिरीबरोबर तपकिरी. कमान चंदेरी असेल तर बक्कलही चंदेरी हवं.

फर कशाची, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

नव्या स्पोरनवर बहुधा सशाची किंवा गाईगुरांची केसाळ कातडी असते. कृत्रिम फरही मिळते आणि ती दिसायला मुळीच वाईट नसते. जपून राहायचं ते जुन्या बाजारातल्या मालाबद्दल. पूर्वी सीलच्या कातड्याचे स्पोरन सर्रास बनत, बॅजर किंवा पाणमांजराचेही. सीलची कातडी अमेरिकेत न्यायला १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि युरोपियन युनियननेही २००९ मध्ये सीलच्या उत्पादनांच्या व्यापारावर कडक बंदी घातली. असा स्पोरन घेऊन भारतात किंवा दुसऱ्या देशात जाणार असाल तर विमानतळावर अडचण येऊ शकते. कातडी कोणत्या प्राण्याची हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो स्पोरन तिथेच ठेवावा.

पट्टा आणि उंची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि महागडा स्पोरनसुद्धा इथेच वाया जातो. स्पोरनचा पट्टा कमरेवर नाही, नितंबांच्या वरच्या भागावर बसतो, म्हणून माप किल्ट घालूनच घ्या. पँटच्या मापाने घेतलेला पट्टा आखूड पडतो.

आता आरशासमोर उभे राहा. कमरपट्ट्याचं बक्कल आणि स्पोरनची वरची कड यांत साधारण चार बोटं अंतर हवं. वेस्टकोट घातला तर कमरपट्टा लावायचा नाही. मग अंतर वेस्टकोटच्या खालच्या टोकापासून मोजा. स्पोरन फार वर गेला तर पोटाला चिकटल्यासारखा दिसतो, खाली गेला तर चालताना मांड्यांवर आपटतो. किल्टला मागे लूप असतील तर पट्टा त्यांतून ओवा, तो घसरत नाही. पट्ट्याच्या साखळीने लोकर हळूहळू घासली जाते. रोज किंवा वारंवार किल्ट घालणाऱ्याने पूर्ण चामड्याचा पट्टा घ्यावा.

घेण्याआधी वापरून पाहा

आपला फोन, किल्ल्या आणि पाकीट दुकानातच त्यात घालून बघा. काही ड्रेस स्पोरन आतून इतके अरुंद असतात की मोठा फोन मावतच नाही. मावला तरी वजनाने पुढचा भाग खाली ओढला जातो. तेव्हा किल्ल्यांचा जुडगा घरी राहू द्या. खुर्चीत बसून पाहा, दोन उड्या मारून पाहा. केलीच्या, म्हणजे स्कॉटिश लोकसंगीताच्या मेळाव्यातल्या, नाचात गिरक्या घेताना स्पोरन उसळतो, म्हणून नाचाआधी तो सरकवून बाजूला नितंबावर घेतात. तुमचा पट्टा तसा सहज सरकतो ना, हे आधीच कळलेलं बरं.

स्कॉटलंडचा पाऊस फरला सोडणार नाही. भिजला तर हीटरजवळ ठेवू नका, कातडी आखडते. टिपून घ्या, उघड्या हवेत सुकू द्या, मग केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने हलका कंगवा फिरवा.